बेणं ज्याचं, पीक त्याचं

सोयाबीन निघून हरभऱ्याची तयारी सुरू झाली की मराठवाड्यातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. कधी तुरीत गांजा, कधी कापसात, कधी हळदीत. फोटोही ठरलेला. उपटलेल्या झाडांच्या पेंढ्या, मागे सात-आठ पोलीस आणि मधोमध मान खाली घातलेला एक माणूस. खाली किलोचा आकडा आणि लाखांतली किंमत. ती किंमत कोणत्या आडतीवर निघाली हे बातमीत नसतं. तो माल घेणार कोण होता, हेही नसतं. बियाणं कुणी आणून दिलं, हे तर कधीच नसतं. शेतकऱ्याचा फोटो दरवर्षी पाहतो, व्यापाऱ्याचा अजून पाहिलेला नाही.

हा विषय लिहायला घेतला, कारण गावातल्या तरण्या पोरांच्या मोबाईलवर सध्या वेगळंच काही चाललंय. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावायची मुभा मिळाली. कॅनडात २०१८ पासून घरटी चार झाडं चालतात. तिथले लोक व्हिडिओ टाकतात. माती कशी कसदार करायची, गांडूळखत किती, बी कोणत्या वाणाचं, त्याचे आईबाप कोण. माझा एक जुना विद्यार्थी, आता वडिलांची तीन एकर करतो, तो विचारत होता, "सर, सरकारनं परवानगी दिली तर आपल्या काळ्या रानात येईल का हे? आणि बी कुठलं घ्यायचं?"

पोरगं नशा करणारं नाही. त्याचा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. माती आणि बी, शेती म्हटलं की हेच दोन प्रश्न. म्हणून त्याला "तोबा कर" म्हणून वाटेला लावणं मला जमलं नाही. नीट उत्तर द्यायला हवं असं वाटलं.

आधी एक गैरसमज काढू. हे झाड बाहेरून आलेलं फॅड नाही. आपल्या मुलखात त्याची रीतसर शेती होती. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला होता. आयोगाने हजाराच्या वर साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष सरसकट बंदीच्या विरुद्ध होता. परवाना द्या, कर लावा, लक्ष ठेवा. मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीत अहमदनगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) पुढे होता. कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि तिथेही हा आबकारी खात्याचाच विषय होता.

पण मला त्या काळातलं खरं शिकण्यासारखं उदाहरण बंगालचं वाटतं. राजशाही भागातलं नौगाव, आता बांगलादेशात आहे. गांजाच्या लागवडीचा सगळा परवाना तिथे ठरावीक गावांपुरता होता, त्या टापूला गांजामहालच म्हणत. शेतकरी रानात शेणखत आणि पेंड घालत. गांजाच्या झाडात नर-मादी वेगळे असतात. नर झाड राहिलं तर मादीत बी धरतं आणि माल उतरतो. म्हणून नर झाडं ओळखून उपटणारा एक जाणकार असे, त्याला पोद्दार म्हणत. तो रानातून एकेक रोप बघत फिरायचा आणि त्याची मजुरी वेगळी असायची. निघालेला सगळा माल सरकारी गोदामात जमा व्हायचा. १९१७ मध्ये या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. संस्थेच्या नफ्यातून शाळा, दवाखाने झाले, मशिदींना आणि मंदिरांना पैसा गेला. बांगलादेशने १९८७ मध्ये ही लागवड थांबवली.

पीक चांगलं की वाईट, हा वाद इथे बाजूला ठेवू. त्या शेतकऱ्याच्या हातात पैसा का राहिला, एवढंच बघू. माती तर चांगली होतीच. पण बी त्याच्या घरचं होतं, नर ओळखणारा माणूस त्याच्या गावचा होता आणि विकणारी संस्था त्याची स्वतःची होती. या तीनपैकी एकही गोष्ट आज आपल्या पोरांच्या हातात नाही.

आज काय आहे ते बघा. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात गांजा म्हणजे फुलोरा आलेला शेंडा. नुसतं पान आणि नुसतं बी व्याख्येत येत नाही, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. पण झाड लावणं हाच वेगळा गुन्हा आहे. कलम २० प्रमाणे त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाळगण्यात एक किलोपर्यंत थोडं प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाण ठरलं की दहा ते वीस वर्षं, आणि जामीन मिळणं जवळपास अशक्य. आता शेतात उपटलेलं ओलं झाड मुळासकट, खोडासकट काट्यावर टाकलं तर वीस किलो व्हायला किती झाडं लागतात, याचा विचार करा. फक्त शेंड्याचं वजन धरायला हवं, असा मुद्दा उच्च न्यायालयांनी जामिनाच्या प्रकरणांत अनेकदा मान्य केला आहे. पण तोवर माणूस आत जाऊन वर्ष झालेलं असतं, आणि वकिलाच्या फीत बैलजोडी गेलेली असते.

आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे. कलम ४६. आपल्या जमिनीत कुणी गांजा लावलाय हे जमीनमालकाला कळलं आणि त्याने खबर दिली नाही, तर त्यालाही शिक्षा होते. ४७ मध्ये सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवरही तीच जबाबदारी आहे. बटईने रान देणाऱ्या विधवा बाया आमच्या गावात कमी नाहीत. सातबारा तिच्या नावावर, रान दुसऱ्याच्या हातात. तिला काय कळलं आणि काय नाही, हे तिने कोर्टात कसं सिद्ध करायचं?

मशिदीत जुम्याच्या बयानात हा विषय निघाला तर दोन वाक्यांत संपतो. नशा हराम आहे. ते खरंच आहे, माझा त्यात वाद नाही. हशीश समाजात पसरली तेव्हा फकीहांसमोर प्रश्न होता की कुराणात हिचं नाव नाही. त्यांनी दारूवरून कयास केला आणि मनाई ठरवली. इब्न तैमिया यात सगळ्यांत कडक. पण त्यांनी मनाई केली ती नशेला. तागा-भांगाच्या दोराला आणि चिंध्यांच्या कागदाला कुणी हराम म्हटलं नाही, आणि त्या कागदावर किती किताबा लिहिल्या गेल्या! फतवा वापराचं उत्तर देतो. बँकेचा हप्ता, सोयाबीनचा पडलेला भाव आणि पोरीचं लग्न, यांचं उत्तर देणं फतव्याचं काम नाही. ते आपलं काम आहे. ते केलं नाही की पोरगं मोबाईलला विचारतं.

आता परवानगीचा मुद्दा. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. कोणत्याच पिकाला खर्चाएवढा भाव नाही, म्हणून दोन एकरांत गांजा लावू द्या, नाही तर मी आपला सुरू करतो. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार ठरवला. मला तो प्रसिद्धीचाही वाटला आणि खराही वाटला. या दोन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात. लोक मात्र त्यावर हसले, आणि अर्जातलं पहिलं वाक्य कुणी वाचलंच नाही.

कायद्यात परवानगीची फट आहे. धागा आणि बियांसाठी लागवड करू देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये ती दिली. हिमाचल त्याच दिशेने चाललाय. या झाडाच्या बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. हे सगळं ऐकून पोरांचे डोळे चमकतात. पण उत्तराखंडची अट ऐका. झाडात नशा आणणारा जो घटक असतो, टीएचसी, तो ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नको. जास्त भरला तर पीक नष्ट.

०.३ टक्के! हे डोळ्याला दिसत नाही. पान तेच, वास तोच, उंची तीच. फरक फक्त प्रयोगशाळेला कळतो. पहाडातल्या जुन्या देशी वाणांत हे प्रमाण सहज वर जातं, म्हणून तिथे पहिल्यापासून रडगाणं एकच आहे की कमी टीएचसीचं खात्रीचं बी मिळत नाही. शिवाय फुलोरा पिकत जातो तसं हे प्रमाण चढत जातं. आपल्याकडे काढणीला मजूर आठ दिवस उशिरा मिळाले तर हरभऱ्याचे चार दाणे गळतात. इथे आठ दिवसांत पिकाचा मुद्देमाल होऊ शकतो.

घरचं बी धरावं म्हटलं तर तेही नाही. हे झाड वाऱ्यावर फळतं, परागकण लांबवर जातात. शेजारच्या बांधावरच्या रानटी झाडाचा पराग येऊन बसला की पुढच्या वर्षीच्या बियात काय उतरेल ते अल्लाहलाच माहीत. म्हणजे दरवर्षी बी विकत. कुणाकडून? ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, वाणाची नोंद आहे, सरकारी परवाना आहे, त्याच्याकडून. बाकी पिकांत बी चुकलं तर उतारा पडतो. या पिकात बी चुकलं तर शेतकरी गुन्हेगार होतो. व्हिडिओतला गोरा माणूस ज्याला जेनेटिक्स म्हणतो, ते आपल्याकडे आलं की त्याचं नाव परवाना होतं.

ही गोष्ट आपण कापसात एकदा बघून झालोय. २००२ मध्ये बीटी आलं. ते संकरित रूपात आलं, म्हणून घरची सरकी पेरण्याची सोयच संपली. पाकीट दरवर्षी विकत घ्यायचं. पुढे तणनाशक सहन करणारं एचटीबीटी आलं. त्याला मंजुरी नाही, पण गुजरात आणि तेलंगणाकडून पाकिटं येतात, रात्रीतून येतात. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे ते उघडपणे पेरून कायदेभंग केला. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं, ही त्यांची मागणी मला पटते. पण चोरट्या पाकिटाचं काय? त्यावर जे नाव छापलंय ते आत आहे की नाही, हे बोंड लागल्यावर कळतं. आणि फसलेला माणूस तक्रार कुठे करणार, बी घेतलं हाच त्याचा गुन्हा. गांजाच्या बियाचं तर याच्या दहापट. मोबाईलवर जो कुणी "असली बी" म्हणून पुडी पाठवायला तयार आहे, त्याला तुमच्या उताऱ्याशी काडीचं घेणं नाही.

आता हळदीकडे येतो. खरं तर मला तिच्यावरच बोलायचं होतं.

निसर्गाने आमच्या भागावर एक मेहेरबानी केली आहे. हळद बियाने येत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ती जवळपास वांझ. गड्डा लावायचा, गड्डाच घ्यायचा. आईसारखीच लेक. ज्याने चांगलं बेणं निवडलं त्याचं बेणं वर्षानुवर्षं त्याच्याच घरात राहतं, कंपनीला ते पाकिटात कोंडता येत नाही. गांजावाले परदेशात ज्यासाठी झाडाच्या फांद्या कापून कलमं करत बसतात, ती सोय हळदीच्या गड्ड्यात आपोआप आहे. एवढी मोठी गोष्ट हातात असताना आपण तिचं काय करतो? एकराला साधारण दहा क्विंटल बेणं लागतं. अक्षय्य तृतीया जवळ आली की जिथून मिळेल तिथून उचलतो. सेलम म्हणून देतात, आपण सेलम म्हणून घेतो. कंदकुज झालेल्या रानातलं बेणं नव्या रानात जातं, आणि जूनमध्ये लावलेली कुज दिवाळीला दिसते. २०२४ मध्ये हळदीचा भाव पंधरा हजारांच्या पुढे गेला, तेव्हा तर ज्यांनी कधी हळद लावली नव्हती त्यांनीही लावली. बेणं बघायला कुणाला वेळ होता?

मातीचं तसंच. २०२२ च्या जुलैत जळेश्वर नदीचं पाणी आमच्या गावात शिरलं, ते घराघराला आठवतंय. घरातला गाळ लोकांनी काढला. पण रानातला वरचा थर वाहून गेला त्याचा पंचनामा कसा करणार, तो हिरवा दिसत नाही. तो थर परत करायचा तर शेणखत लागतं, आणि शेण कुठे आहे? गोठे रिकामे झाले. ट्रॅक्टर हे एक कारण आहेच. पण २०१५ च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलाचा बाजार बसला आणि लोकांनी बैल ठेवणंच कमी केलं, हेही कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी मुस्लिम म्हणून बोलतोय असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी शेणखताची ट्रॉली विकत घेणाऱ्या कुठल्याही पाटलाला विचारावं.

जिल्ह्याला काही मिळालं नाही असंही नाही. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आलं. चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच की त्या केंद्राने सगळ्यांत आधी दोन कामं करावीत. निरोगी, नावाप्रमाणे खात्रीचं बेणं तालुक्यातल्या लहान शेतकऱ्याला अक्षय्य तृतीयेच्या आधी मिळावं, इमारतीच्या फोटोंचं नंतर बघू. आणि आपल्या हळदीत कुरकुमिन किती आहे, हे शेतकऱ्याला स्वस्तात तपासून मिळावं. औषध आणि अर्क काढणाऱ्या कंपन्या याच आकड्यावर माल घेतात. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेच्या प्रतिभा वाणात तो सहा टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी बऱ्याच वाणांत कमी. आमचा शेतकरी हळकुंड मोडून रंग बघतो आणि व्यापारी सांगेल तो भाव घेतो. त्याच्या पोराला मात्र टीएचसीचे टक्के तोंडपाठ आहेत! प्रयोगशाळेचा एक आकडा त्याला आत टाकू शकतो, दुसरा क्विंटलमागे चार पैसे जास्त देऊ शकतो. दुसऱ्याबद्दल त्याला कुणी व्हिडिओ करून दाखवलेला नाही. मी उर्दू-मराठीचा मास्तर, मला तो करता येत नाही. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या गावच्या पोरांना येतो.

जाता जाता एक भाषेची गंमत, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत हेम्प म्हणजे भांगेचं धाग्याचं झाड. पण इंग्रज इथे आला आणि ज्या ज्या झाडाचा दोर वळताना दिसला त्या सगळ्याला त्याने हेम्प म्हटलं. आपला ताग त्याचा सन हेम्प झाला. आपली अंबाडी डेक्कन हेम्प झाली. अंबाडीच्या शास्त्रीय नावात तर आजही कॅनाबिनस आहे, कारण तिचं पान गांजाच्या पानासारखं फाकलेलं असतं. ज्या अंबाडीची भाजी आपण ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो, जिचा दोर आजोबा मांडीवर वळायचे, ती नावाने गांजाची चुलत बहीण आहे, रक्ताने नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं. तुला हेम्पच लावायचं असेल तर ताग लाव. पुढच्या वर्षी ज्या रानात हळद घ्यायची, त्यात यंदाच्या पावसाळ्यात पेर. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर आला की जमिनीत गाड. हवेतलं नत्र तो फुकट आणून देतो, जमीन भुसभुशीत करतो, आणि त्यासाठी कोणत्याही ठाण्याची परवानगी लागत नाही.

तो म्हणाला, "सर, तागाचं बी तरी मिळतं का वेळेवर?" प्रश्न बरोबर आहे. पाऊस पडल्यावर कृषी सेवा केंद्रात गेलं तर बहुतेक वेळा संपलेलं असतं. मे महिन्यातच सांगून ठेवावं लागतं.